बाटलीपासून उड्डाणतळापर्यंत

दिवाळीच्या दिवसांत खडवलीला भातसा नदीच्या काठी अंधार पडू लागला, की आसपासची मुले फटाके घेऊन जमतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आम्हीही तिथे होतो. एका मुलाने रिकामी बाटली खडकावर उभी केली, तीत काठीचे रॉकेट ठेवले आणि वात पेटवली. रॉकेट सुटायच्या क्षणी बाटली कलंडली. रॉकेट वर न जाता जमिनीलगत सुसाटत गेले आणि नदीच्या पाण्यात विझले. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्यानंतर आम्ही सगळ्या बाटल्यांत अर्ध्यापर्यंत वाळू भरून घेतली आणि मुलांना लांब उभे केले.

आठवीतल्या एका मुलीने तेव्हा विचारले, "काका, रॉकेट तर स्वतःच उडतं. मग त्याला बाटली कशाला लागते?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आले की अग्निबाणांवरच्या बहुतेक पुस्तकांत इंजिने असतात, इंधने असतात, कक्षा असतात. ज्याच्यावर अग्निबाण उभा असतो त्या उड्डाणतळाबद्दल मात्र दोन ओळींच्या पलीकडे काही नसते. या लेखात आपण त्या दुर्लक्षित 'बाटली'चा इतिहास पाहणार आहोत.

तळ अग्निबाणाला ढकलत नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. इंजिनातून बाहेर पडणारा वायू जमिनीवर आपटतो आणि त्यामुळे अग्निबाण वर उचलला जातो, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. केवळ विद्यार्थ्यांनाच नव्हे. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्ड यांची अशाच समजुतीतून चेष्टा केली होती. निर्वात पोकळीत अग्निबाणाला रेटा द्यायला काहीच नसते, असे त्या संपादकीयाचे म्हणणे होते. अपोलो-११ चंद्राकडे निघाल्यावर, जुलै १९६९ मध्ये, त्या वृत्तपत्राने आपली चूक मान्य केली. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील क्रिया आणि प्रतिक्रिया घडतात त्या अग्निबाण आणि त्याने मागे फेकलेला वायू या दोघांमध्ये. जमिनीचा त्यात काहीही वाटा नाही.

मग तळाचे काम काय? ढोबळमानाने चार कामे सांगता येतील. अग्निबाणाला उड्डाणापूर्वी सरळ उभे धरणे. सुटताना त्याला दिशा देणे. त्याच्या ज्वाळा त्याच्यापासून आणि माणसांपासून दूर नेणे. आणि माणसांना त्याच्या प्रत्येक भागापर्यंत पोहोचू देणे, पण वेळ येताच त्यांना पुरेसे लांब ठेवणे. वाळू भरलेली बाटली यांतली पहिली दोन कामे करते. तिसरे आणि चौथे काम त्या संध्याकाळी आमच्याकडे होते.

काठी आणि रूळ

दिवाळीच्या रॉकेटची काठी शोभेसाठी नसते. रॉकेट वेगात असताना तिरके झाले, तर वाऱ्याचा दाब काठीच्या लांब शेपटीवर पडतो आणि रॉकेटचे तोंड पुन्हा वाटेवर येते. मराठा आणि म्हैसूरच्या फौजा जे लढाऊ बाण वापरीत, त्यांच्या काठीचे कामही हेच. पण हवेचा हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सुटताना वेग जवळजवळ शून्य, म्हणून काठीचा उपयोगही जवळजवळ शून्य. वेग येईपर्यंतच्या त्या अर्ध्या क्षणात रॉकेटला कुणीतरी धरून मार्ग दाखवावा लागतो. बाटली तेच करते.

हे आकड्यांत पाहू. समजा, अग्निबाण ६ मीटर लांबीच्या रुळावरून सुटतो आणि त्याचे त्वरण दर सेकंदाला १०० मीटर प्रतिसेकंद आहे. रूळ सोडतानाचा वेग v = √(२aL) या सूत्राने सुमारे ३५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर येईल. आता आडवा वारा ५ मीटर प्रतिसेकंद या वेगाने वाहत असेल, तर अग्निबाणावर येणारी हवा त्याच्या अक्षाशी सुमारे ८ अंशांचा कोन करील. हाच अग्निबाण संथ असता, त्वरण केवळ १० मीटर प्रतिसेकंद वर्ग असते, तर रूळ सोडताना वेग ११ मीटर प्रतिसेकंद आणि तो कोन २४ अंशांच्या पुढे गेला असता. पहिला अग्निबाण किंचित डगमगेल. दुसरा वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवून भलतीकडेच निघेल.

यातून अग्निबाणांचे दोन कुळांत विभाजन होते. त्वरण मोठे असेल, तर लहानसा रूळ पुरतो आणि मागचे पंख पुढचे काम सांभाळतात. त्वरण लहान असेल, तर कितीही लांब रूळ अपुरा पडतो. अशा अग्निबाणाला उड्डाणात स्वतःला सावरण्याची यंत्रणा हवी, आणि ती असली की रुळाची गरजच उरत नाही. उड्डाणतळांचा सारा इतिहास या दोन वाटांनी गेला आहे.

उसनवारीचा काळ

द्रवरूप इंधनावर चालणारा जगातला पहिला अग्निबाण गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे उडवला. त्याचा तळ म्हणजे नळ्यांचा एक साधा सांगाडा. उड्डाण अडीच सेकंदांचे, उंची साडेबारा मीटर. तो अग्निबाण जाऊन पडला तो कोबीच्या शेतात. पुढे त्यांना उंच मार्गदर्शक मनोरा हवा होता. असा मनोरा बाजारात विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी शेतांतील पवनचक्क्यांसाठी मिळणारा ६० फुटी लोखंडी मनोरा घेतला आणि त्यात रूळ बसवले.

जर्मनीच्या व्ही-२ या क्षेपणास्त्राने दुसरी वाट धरली. त्याचे वजन साडेबारा टनांच्या आसपास आणि रेटा सुमारे २५ टन. म्हणजे वजन वजा जाता उरणारा रेटा वजनाइतकाच, आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतके. आपल्या उदाहरणातला दुसरा अग्निबाण तो हाच! त्याला रूळ दिला नाही. त्याऐवजी इंजिनाच्या झोतात ग्रॅफाइटची चार पाती बसवली आणि जायरोस्कोपच्या मदतीने ती वळवून अग्निबाणाचा तोल सांभाळला. तळ मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा झाला. एक पोलादी कडे, त्याला पाय आणि खाली झोत चहूकडे फेकणारा पिरॅमिडसारखा पोलादी तुकडा. लिंबाच्या रसपात्राचा मधला उंचवटा डोळ्यांसमोर आणा. जंगलातल्या रस्त्यावरही तो मांडता येई. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून व्ही-२ चे पहिले यशस्वी उड्डाण झाले. हे तंत्र युद्धासाठी, माणसे मारण्यासाठी आणि छळछावण्यांतील कैद्यांच्या श्रमांवर उभे राहिले, हे विसरून चालणार नाही.

युद्धानंतर अमेरिकेने पकडून नेलेल्या व्ही-२ वर दुसरा लहान अग्निबाण बसवला आणि २४ जुलै १९५० रोजी फ्लॉरिडातील केप कॅनाव्हरल येथून पहिले उड्डाण केले. आज ज्या जागेचे नाव अवकाशयुगाशी जोडले जाते, तिथे त्या दिवशी काय होते? काँक्रीटचा एक चौथरा, अग्निबाणापर्यंत चढण्यासाठी रंगारी वापरतात तसली नळ्यांची परांची, आणि नियंत्रणकक्ष म्हणून समुद्रस्नानाला येणाऱ्यांची एक जुनी खोली, भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत. काही वर्षांनी तिथे रेडस्टोन अग्निबाणासाठी रुळांवर सरकणारा मनोरा आला. तोही तेलविहिरीवरच्या डेरिकमध्ये फेरफार करून बनवला होता.

पवनचक्की, परांची, तेलविहीर. नव्या विद्येने जुन्या धंद्यांकडून अवजारे उसनी आणली. आणि याच परंपरेत भारताचाही पहिला तळ बसतो.

थुंबा, २१ नोव्हेंबर १९६३

पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळातील तिरुवनंतपुरमजवळून जाते. त्याच्या वरच्या वातावरणात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा अभ्यास करण्यासाठी डॉ. विक्रम साराभाई यांनी थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले. गावात सेंट मेरी मॅग्डलीन यांचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी लोकांपुढे प्रश्न ठेवला आणि गावाने चर्च आणि घरे सोडून दुसरीकडे जाण्याचे मान्य केले. चर्चमध्ये अग्निबाणाची जुळणी होऊ लागली, बिशपांच्या निवासात कार्यालय आले. आज त्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे. उड्डाणतळ म्हटले की आपण काँक्रीट आणि पोलाद यांचा विचार करतो. पण कुणीतरी सोडलेली जमीन हा त्याचा पहिला थर असतो.

थुंब्याच्या पहिल्या तुकडीतील काही तरुण अभियंते अमेरिकेत नासाच्या केंद्रांत शिकून आले होते. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि आर. अरवमुदन यांच्याबरोबर त्यांत प्रमोद काळे होते. पुण्यात जन्मलेले काळे पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. त्याच केंद्राची धुरा त्यांच्याआधी डॉ. वसंत गोवारीकर यांनी सांभाळली होती. घन इंधनावरचे त्यांचे काम आपल्या अनेक वाचकांना माहीत असेल.

पहिला अग्निबाण होता अमेरिकेचा नाइकी-अपाची, दोन टप्प्यांचा, घन इंधनाचा आणि दिशानियंत्रण नसलेला. म्हणजे आपला पहिला प्रकार: मोठे त्वरण, रुळाचा प्रक्षेपक आणि पंख. अशा प्रक्षेपकाचा रूळ किती अंशांनी आणि कोणत्या दिशेला झुकवायचा, हे उड्डाणापूर्वी वारा मोजून ठरवतात. फुगे सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा पाहायचा, अग्निबाण त्याने किती वळेल याचे गणित करायचे आणि तेवढाच रूळ उलट बाजूला झुकवायचा. उड्डाणानंतर काहीही दुरुस्त करता येत नाही. म्हणून सगळी अक्कल तळावरच खर्च करावी लागते.

त्या संध्याकाळी अग्निबाण उचलून प्रक्षेपकावर ठेवताना क्रेनच्या द्रवदाब यंत्रणेला गळती लागली आणि अग्निबाण कलू लागला. सायंकाळची वेळ गाठणे भाग होते, कारण सोडियमच्या वाफेचा ढग संधिप्रकाशातच दिसणार होता: वर ऊन आणि खाली अंधार. क्रेन दुरुस्त करण्याइतका वेळ नव्हता. उपस्थितांनी हातांनी जोर लावून अग्निबाण प्रक्षेपकावर चढवला, असे कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. उड्डाण यशस्वी झाले आणि आकाशात नारिंगी ढग उमटला. सायकलच्या कॅरिअरवरून अग्निबाणाचे टोक नेणाऱ्या माणसांचे छायाचित्र याच थुंब्यातले, थोड्या पुढच्या वर्षांतले.

ज्वाळांचे काय करायचे?

अग्निबाण मोठे झाले, तसे तिसरे काम अवघड होत गेले. इंजिनाचा झोत सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. खाली सपाट जमीन असेल, तर तो तिच्यावर आपटून परत अग्निबाणाकडेच उसळतो, शिवाय जमीनही उखडतो. उपाय दोन: झोताला वळवणारा उतार आणि त्याला वाहून नेणारा खंदक.

हा खंदक कसा असावा, हे त्या जागेची जमीन ठरवते. सोव्हिएत संघाने १९५५ पासून कझाकस्तानच्या कोरड्या माळरानावर बैकानूरचा तळ बांधला. व्लादिमिर बार्मिन हे त्याचे मुख्य रचनाकार. तिथे सुमारे ४५ मीटर खोल खड्डा खणता आला आणि अग्निबाण त्याच्या कडेवर लटकवला गेला. केप कॅनाव्हरलजवळच्या दलदलीत थोडे खणले तरी पाणी लागते. म्हणून चंद्रमोहिमांसाठी अमेरिकनांनी उलटे केले: ज्वाळांचा खंदक जमिनीच्या पातळीवर ठेवला आणि तळच टेकडीसारखा उंच बांधला. तो खंदक १३ मीटर खोल, १८ मीटर रुंद आणि १३७ मीटर लांब आहे. विद्यार्थ्यांना भूगोल आणि अभियांत्रिकी यांचा संबंध दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

बैकानूरच्या तळावर आणखी एक सुंदर युक्ती आहे. आर-७ अग्निबाण खालून टेकलेला नसतो, तर कमरेजवळ चार पोलादी बाहूंनी धरलेला असतो. बाहूंच्या मागे जड प्रतिभार आहेत. अग्निबाणाचे सुमारे २७० टन वजन बाहूंवर असते तोवर ते मिटलेले राहतात. रेटा वजनापेक्षा वाढून अग्निबाण उचलला गेला, की बाहूंवरचा भार नाहीसा होतो आणि प्रतिभारांमुळे चारही बाहू फुलाच्या पाकळ्यांसारखे मागे उघडतात. कुणी बटण दाबायचे नाही, मोटार चालू व्हायची नाही. विहिरीवरच्या ओकतीचे तत्त्व ते हेच. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक याच तळावरून गेला.

क्षणभर थांबवण्याची कला

श्रीहरिकोटा येथून पहिला अग्निबाण ९ ऑक्टोबर १९७१ रोजी उडाला, तो लहानसा रोहिणी-१२५. १८ जुलै १९८० रोजी तिथूनच एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. २२ मीटर उंच, १७ टन वजनाचा तो प्रक्षेपक. पुढे पीएसएलव्हीसाठी सुमारे ७६ मीटर उंच आणि ३००० टनांच्या आसपास वजनाचा सरकता सेवा मनोरा उभा राहिला. अग्निबाणाची जुळणी या मनोऱ्याच्या पोटात होते आणि उड्डाणापूर्वी अख्खा मनोरा रुळांवरून मागे नेतात. २००५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या तळावर पद्धत उलटी केली: मनोरा एका जागी आणि जुळणी झालेला अग्निबाणच त्याच्या बैठकीसह रुळांवरून सुमारे एक किलोमीटर येतो. या प्रक्षेपकांची मोटार-कवचे बनवण्यात वालचंदनगर आणि पवई, तर द्रव इंजिने बनवण्यात विक्रोळी यांचा वाटा आहे. आमच्या खडवलीतून मुंबईला जाणारी लोकल रोज त्या विक्रोळीवरून जाते.

तळावर उभ्या अग्निबाणाचे शेवटचे काही सेकंद किती मोलाचे असतात, हे २८ मार्च २००१ रोजी दिसले. सुमारे ४०० टनांच्या पहिल्या जीएसएलव्हीची चार द्रव इंजिने आधी पेटायची आणि जवळजवळ पाच सेकंदांनी मधला घन टप्पा पेटायचा, अशी योजना होती. चारपैकी एका इंजिनाने पुरेसा रेटा दिला नाही. संगणकाने ते ओळखले, इंजिने बंद केली आणि घन टप्पा पेटू दिला नाही. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही, म्हणून तो क्रम तसा ठरवलेला होता. चार इंजिनांचा एकत्र रेटा पावणेतीनशे टनांच्या आसपास, वजन चारशे टन. अग्निबाण जागचा हलला नाही. तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, तोच अग्निबाण दुरुस्त होऊन उडाला. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या अनेकांना ते अपयश वाटले होते. खरे तर तळाने आणि संगणकाने आपले काम चोख बजावले होते.

चौथे काम

सगळीकडे असे झाले नाही. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकानूर येथे आर-१६ क्षेपणास्त्रात बिघाड झाला. इंधन भरलेले असताना, वरून घाई असल्यामुळे, दुरुस्ती तळावरच चालू ठेवली. दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अचानक पेटले. मनोऱ्यावर आणि भोवती असलेल्या सत्तरांहून अधिक माणसांचा जळून मृत्यू झाला. मार्शल नेडेलिन हे स्वतः अग्निबाणाजवळ खुर्ची टाकून बसले होते, तेही गेले. सोव्हिएत जनतेपासून ही घटना १९८९ पर्यंत लपवली गेली. लपवलेल्या अपघातातून इतरांना शिकता येत नाही. २२ ऑगस्ट २००३ रोजी ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर मनोऱ्यात काम चालू असताना घन इंधनाची मोटार पेटली, मनोरा कोसळला आणि २१ तंत्रज्ञ मरण पावले.

माणसे वाचली तरी जुना धडा विसरल्याची किंमत मोजावी लागते. २० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासमध्ये स्टारशिप हा महाकाय अग्निबाण ज्वाळांचा खंदक नसलेल्या तळावरून उडवला गेला. खालचे काँक्रीट उखडून त्याचे तुकडे दूरवर उडाले. पुढच्या उड्डाणाआधी तिथे पाण्याचे फवारे सोडणारी जाड पोलादी बैठक बसवावी लागली. सपाट जमिनीवर झोत सोडू नये, हे १९४२ साली व्ही-२ च्या त्या लहानशा पिरॅमिडलाही ठाऊक होते.

वर्गासाठी

हा भाग फटाके न वापरता शिकवता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी भरा, व्हॉल्व्ह बसवलेले घट्ट बूच लावा आणि सायकलच्या पंपाने हवा भरा. बूच निसटले की बाटली उडते. शिक्षकाने लांब नळीचा पंप वापरावा आणि कुणीही बाटलीवर वाकू नये. आधी बाटली तीन विटांवर टेकवून उडवा. नंतर तिच्या बाजूला चिकटवलेली लहान नळी जमिनीत रोवलेल्या एक मीटरच्या सरळ गजात ओवून उडवा. प्रत्येक वेळी बाटली कुठे पडली, तिथे खूण करा. दहा-दहा उड्डाणांनंतर दोन्ही खुणांचे पसारे मुलांनाच मोजू द्या.

उड्डाणाआधी मात्र एक काम मुलांवर सोपवा. मध्ये बाटली ठेवून दोरीने जमिनीवर वर्तुळ आखायला सांगा आणि कुणी कुठे उभे राहायचे ते त्यांनाच ठरवू द्या. भातसेच्या काठी त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर गजात आहे. उरलेले निम्मे त्या वर्तुळात.